कीतोला ग्वायासामिन बघायला निघालाय? मग एवढं करा

ग्वायासामिन म्हणजे इक्वेडोरचे नावाजलेले चित्रकार आणि कीतो ही त्या देशाची राजधानी. पहिल्यांदाच जाताय, म्हणून मोजकंच सांगते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे विमानातून उतरल्या दिवशीच जाणं. कीतो सुमारे 2850 मीटरवर आहे आणि त्यांचं घर ज्या बेयाविस्ता भागात आहे तिथला चढ दमवतो. एक दिवस आराम करा, मग टॅक्सीनं थेट वर जा. वेळा आदल्या दिवशी तपासा.

दुसरी चूक, चित्रकाराचं घर आणि 'ला कापिया देल ओम्ब्रे', म्हणजे माणसाचं प्रार्थनाघर, दोन्ही तासाभरात उरकणं. निदान तीन तास हवेत.

प्रार्थनाघरात शिरलात की आधी वर बघा. इंकांच्या सूर्यमंदिरावरून सुचलेली ही वास्तू. घुमटात बोलिव्हियातल्या पोतोसीच्या चांदीच्या खाणीत राबून मेलेली माणसं उजेडाकडे झेपावताना दिसतात. हे भित्तिचित्र अपुरंच आहे. ओस्वाल्दो ग्वायासामिन 1999 मध्ये गेले, इमारत 2002 मध्ये खुली झाली. मी तिथे खूप वेळ मान वर करून उभी होते, तुम्हीही लाज न बाळगता थांबा. मग खालच्या मजल्यावरची अखंड ज्योत बघा.

चित्रांत सुरुवातीला फक्त हात आणि चेहरे बघा. कालखंड, शैली वगैरे नंतर. पण बैल आणि कोंडोर या भल्यामोठ्या गिधाडाचं चित्र चुकवू नका: बैल स्पॅनिश सत्तेचं प्रतीक, कोंडोर अँडीज पर्वतातल्या माणसांचं.

घरात त्यांनी जमवलेली प्राचीन मातीची भांडी आहेत, ती घाईत ओलांडू नका. बागेतल्या पाइनखाली त्यांची रक्षा पुरलेली आहे. तिथे जरा बसा.