गाय सातव्या महिन्यात गाभडली, वार हाताने काढली, आता मला सारखा ताप येतोय, संबंध असेल का?

असू शकतो, आणि अंगावर काढू नका. ब्रुसेलोसिस (जनावराकडून माणसाला लागणारा जंतूंचा आजार) असेल तर गाय शेवटच्या तीन महिन्यांत गाभडते, वार अडकते आणि त्या वारेत, पाण्यात जंतू खच्चून भरलेले असतात, उघड्या हाताने काढली की बोटावरच्या साध्या चिरेतून पण आत जातात. ताप लगेच येईलच असं नाही, दोन-चार आठवड्यांनी पण सुरू होतो, येतो जातो, रात्री घामाने बनियन भिजतं, कंबर धरते आणि लोक टायफॉइड समजून गोळ्या खात बसतात! डॉक्टरांना गाय गाभडल्याचं स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही, आणि ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या. औषध आहे पण साधारण 6 आठवडे, दोन अँटिबायोटिक एकत्र, बरं वाटलं म्हणून मधेच सोडलं की परत उलटतं.

दूध उकळूनच प्या. गाईचंही रक्त तपासा, पुढच्या वेळी वार कुत्र्यांपुढे न टाकता चुना घालून खोल पुरा. आणि कालवड असेल तर 4 ते 8 महिन्यांची असतानाच लस द्या, एकदाच द्यायची असते, सरकारी मोहिमेत फुकट मिळते.