गाडीची निगा : वाचकांचे प्रश्न

पॉलिशिंगची पत्रं या खेपेला बाजूला काढून ठेवली होती. कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) कुठलं घेऊ, मशीन किती वॉटचं घेऊ, हे सगळे विचारतात. ज्या फोमच्या पॅडवर सगळा खेळ आहे, त्याची चौकशी फारसं कुणी करत नाही. म्हणून आज फक्त पॅडची पत्रं.

काका, ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवतं आणि डोलवतंही, ते) नवीन घेतलं. गाडी काळी सेडान. बॉनेट झकास झालं, पण दरवाजांपर्यंत पोचलो तोवर चकाकी येईना, उलट रंग धुरकट दिसायला लागला. पॅड तापून मधोमध वेल्क्रोपासून सुटलं. कंपाउंड नकली असेल का?
— एक वाचक, सांगली

कंपाउंडवर संशय घेण्याआधी एक सांगा : अख्खी गाडी एकाच पॅडवर काढायला निघाला होतात ना? तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्णन वाचून कळतंच.

घासताना क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराचा, जो भुसा निघतो, तो वापरून संपलेल्या कंपाउंडबरोबर फोमच्या छिद्रांत जाऊन बसतो. दोन-तीन भाग झाले की छिद्रं भरतात. मग वरून कितीही ताजं कंपाउंड घाला, ते रंगापर्यंत पोचतच नाही, त्या चिखलावरच घसरत राहतं. थर कापणं थांबतं, घर्षण वाढतं, आणि उष्णता पॅडच्या मध्यभागी कोंडते, कारण तिला बाहेर पडायला जागा नसते. फोम मऊ पडतो, गोंद सुटतो. मधे भोक असलेली पॅड मिळतात ती उगाच नाहीत. काळ्या रंगावर हे सगळं लगेच दिसतं, पांढऱ्या गाडीवर बरंच झाकून जातं.

आता सुरुवातीपासून. पॅड बॅकिंग प्लेटच्या (मशीनच्या ज्या चकतीवर पॅड चिकटतं तिच्या) बरोबर मधोमध बसवा. जरा एका बाजूला गेलं की मशीन थरथरतं आणि काठ फाटतो. प्लेट ५ इंची असेल तर पॅड साडेपाच-सहा इंचांचं हवं, म्हणजे प्लेटची कड रंगाला लागत नाही. प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारून ठेवा. दाब जास्त झाला की ड्युअल अ‍ॅक्शन मशीन नुसतं थरथरतं, फिरत नाही. आवाजावरून ते कळत नाही, रेघ फिरेनाशी झालेली दिसली की कळतं.

नवं कोरडं पॅड थेट गाडीला लावायचं नाही. लोखंडी तव्याला आधी तेल फिरवल्याशिवाय पहिलं घावन सुटत नाही, तसंच हे. पॅडवर कंपाउंडचे ठिपके द्या आणि बोटाने सगळ्या तोंडावर चोळा, काठापर्यंत. पातळ, सारखा थर बसला पाहिजे. कोरडी जागा राहिली तर तेवढा फोम रंगावर कोरडाच घासला जातो आणि बारीक रेघा पाडतो. छिद्रांतून ओघळेल इतकंही भरू नका. एकदा पॅड असं तयार झालं की पुढे प्रत्येक भागाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. बरेच जण आधी पाण्याचा फवारा मारतात. हलका एक मारला तर चालेल, पण ओलं पॅड कंपाउंड पातळ करतं आणि शिंतोडे थेट काचेच्या रबरावर जातात. ते पांढरे डाग काढताना जीव मेटाकुटीला येतो.

एका वेळी दोन फूट बाय दोन फुटांपेक्षा मोठा भाग घेऊ नका. तो भाग झाला की पॅड साफ करायचं, दर वेळी. मशीन मंद फिरत असताना नायलॉनचा मऊ ब्रश तोंडावर धरा, नाहीतर जाड टर्किश टॉवेलात पॅड दाबून धरून क्षणभर मशीन चालवा. कंप्रेसर असेल तर हवेने सगळ्यात छान निघतं, फक्त तोंडाला मास्क लावा. एवढं करायला अर्धा मिनिट लागतो. तोच वाचवायला लोक जातात आणि मग दरवाजे धुरकट होतात.

तरीही एका पॅडवर गाडी होत नाही. छोट्या हॅचबॅकला एकाच प्रकारची किमान तीन पॅड ठेवा, सेडानला किंवा मोठ्या गाडीला पाच-सहा. एक हाताला गरम लागलं की काढून ठेवा, दुसरं लावा. गरम पॅड लगेच पाण्यात बुडवू नका, निवू द्या. आणि काम सावलीत करा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड आधीच सुकतं, त्याला पॅड काय करणार?

जाता जाता : क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला गाडीचा रंग लागला तर मशीन तिथल्या तिथे बंद करा. वरचा पारदर्शक थर तिथे संपलाय. जुन्या प्रीमियर पद्मिनीसारख्या, क्लिअर कोट नसलेल्या गाड्यांवर पॅड रंगायचंच, त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं.

नमस्कार काका. भावाचं डिटेलिंगचं (गाड्या साफ करून पॉलिश करायचं) छोटं काम आहे, पॅड धुण्याचं माझ्याकडे असतं. पावसाळ्यात पॅड वाळतच नाहीत, कुबट वास येतो, काहींवर काळे ठिपके आलेत. वाळलेली काही कडक होतात. उकळत्या पाण्यात टाकू का?
— एक वाचक, रत्नागिरी

ताई, उकळतं पाणी नको. फोम टिकेल कदाचित, पण वेल्क्रोचा गोंद जाईल. कोमट पाणी घ्या, त्यात पॅड क्लीनर किंवा भांडी घासायचं लिक्विड थोडंसं. दहा-पंधरा मिनिटं भिजवा, रात्रभर मुळीच नको. मग दोन तळव्यांमध्ये दाबून पाणी काढा. फडक्यासारखं पिळलं की फोम आतून फाटतो आणि वरून दिसतही नाही. फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. पॅड कडक होतंय ते राहिलेल्या कंपाउंडमुळे, म्हणजे काम संपल्यावर ते लगेच तुमच्याकडे येत नसणार. भावाला सांगा, संध्याकाळचं पॅड सकाळी धुवायला द्यायचं नाही. लगेच जमणार नसेल तर निदान साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकून ठेव आणि तासाभरात आण.

वाळवायचं असं : पॅड मशीनला लावून रिकाम्या बादलीत आत धरा, मगच मशीन सुरू करा, अगदी मंद वेगावर. आधी सुरू केलंत तर भिंतीला रंग द्यावा लागेल! मग जाळीवर वेल्क्रो वर आणि फोम खाली करून ठेवा, म्हणजे पाणी गोंदापासून लांब खाली उतरतं. पावसात वर पंखा लावा. उन्हाळ्यात कडक उन्हाचा मोह होईल, तो टाळा. ऊन या फोमला पिवळं आणि ठिसूळ करतं. अर्धवट ओलं पॅड प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं की कोकणात काळे ठिपके आलेच. मधोमध बोटाने दाबून गार लागतंय का बघा. गार लागलं म्हणजे आत अजून ओल आहे. ठिपके खोल गेलेली पॅड टाकून द्या.

पूर्ण वाळलेली मात्र झिपच्या पिशवीतच ठेवा, कटिंगची (कापायची) वेगळी, फिनिशिंगची (शेवटच्या हाताची) वेगळी, आणि वॅक्स लावायची तर वेगळ्या डब्यात. शेल्फवर उघडं ठेवलेलं पॅड गॅरेजमधली धूळ गोळा करतं, आणि मग तीच धूळ गाडीवर फिरते. जमिनीवर पडलेलं पॅडही न धुता परत लावू देऊ नका, भाऊ कितीही घाईत असला तरी.

एका कंपनीचं नारिंगी पॅड कटिंगचं निघालं, दुसऱ्या कंपनीचं नारिंगी बरंच मऊ. नक्की कुठला रंग कशाचा?
— एक वाचक, पुणे

रंगाचा सगळ्या कंपन्यांत मिळून एकच नियम नाही. रंग विसरा आणि अंगठ्याने दाबून बघा. कडक, चटकन परत उसळणारा फोम कापायला. मऊ, सहज दबणारा शेवटच्या हाताला. घेतल्या दिवशीच वेल्क्रोच्या बाजूला पेनाने लिहून ठेवा : कटिंग, पॉलिश, फिनिश. सोबत कंपाउंडचं नावही लिहा, कारण एका पॅडवर दोन कंपाउंड वापरायची नाहीत. जाड दाण्याचं जरा जरी मागे राहिलं तरी फिनिशिंगच्या वेळी रेघा काढत बसाल.

वेल्क्रो सुटलेलं पॅड फेविक्विकने चिकटवलं तर चालेल का? फोम अजून चांगला आहे.
— एक वाचक, सोलापूर

नाही. तो गम वाळून काचेसारखा कडक होतो आणि फिरताना तडकतो. मग पॅड एकीकडे उडतं आणि बॅकिंग प्लेट थेट बॉनेटवर उतरते. पॅडच्या किमतीत ते पॅनल रंगवून मिळत नाही. दाबल्यावर परत न उसळणारा फोम, फाटलेला काठ, धुऊनही न जाणाऱ्या कडक गाठी, यातलं काहीही दिसलं तरी ते पॅड गाडीच्या रंगासाठी संपलं. वेल्क्रो शाबूत असलेली अशी थकलेली कटिंग पॅड मी पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचांसाठी वेगळी ठेवतो. तुमच्या पॅडचं वेल्क्रोच सुटलंय, तेव्हा ते मशीनला परत लावू नका. फोमचे तुकडे कापा आणि टायरला ड्रेसिंग (चकाकी आणणारं लिक्विड) लावायला वापरा.