तुमचे प्रश्न : बनवलेल्या भाषेत चिडता येतं का?

प्रश्न : एस्पेरांतो म्हणजे एका डॉक्टरने टेबलावर बसून बनवलेली भाषा, १६ नियम, अपवाद नाहीत, सगळं छान. पण अशा भाषेत माणूस चिडणार कसा, टोमणा कसा मारणार, लाडात कसा येणार? मला तर ती फॉर्म भरायच्या लायकीची वाटते. तुम्ही शिकलायत म्हणून विचारतेय.

उत्तर : फॉर्म भरायच्या लायकीची हे भारी आहे, पण पटलं नाही. झामेनहॉफने (हा डोळ्यांचा डॉक्टर) १८८७ मध्ये वॉर्सातून पहिली पुस्तिका काढली तेव्हा तिच्यात शब्दांची मुळं होती जेमतेम नऊशे, आणि तरी पठ्ठ्याने त्याच पुस्तिकेत स्वतःच्या कविता छापल्या, मग १८९४ मध्ये अख्ख्या हॅम्लेटचं भाषांतर करून मोकळा झाला. म्हणजे तुमची शंका त्यालाही ठाऊक होती, फक्त तो वाद घालत बसला नाही.

एवढ्याशा मुळांत भागतं ते प्रत्ययांमुळे. दोमो म्हणजे घर, दोमेतो छोटंसं घर, दोमेगो भलंमोठं, आणि दोमाचो म्हणजे खोपट, जिथे पाय ठेवायची इच्छा होणार नाही असं. हा 'आच' माझा लाडका, कारण टोमण्याचं सगळं काम हाच करतो. स्क्रिबी म्हणजे लिहिणे, स्क्रिबाची म्हणजे खरडणे. आणि फारच वैताग आला तर मूळ शब्दाचीही गरज नाही, नुसतं 'आचा' म्हणायचं, म्हणजे टुकार, झालं. चिडायला आणखी काय हवं?

दुसरं म्हणजे क्रियापदं. सिदी म्हणजे बसलेलं असणं, सिदिजी म्हणजे (उभं होतो, आता) बसणं, सिदिगी म्हणजे दुसऱ्याला बसवणं. आपल्याला बसणे-बसवणे नवीन नाही, पण मराठीत हे काही क्रियापदांना जमतं, काहींना जमत नाही, आणि कुठे जमत नाही ते कानानेच कळतं. एस्पेरांतोत हे प्रत्यय कोणत्याही मुळाला लावा, अर्थ निघाला की ते बरोबर. 'ला चिएलो ब्लुआस' हे वाक्य घ्या. ला चिएलो म्हणजे आकाश, ब्लुआ म्हणजे निळा, आणि इथे निळ्याचंच क्रियापद केलंय. मराठीत चेहरा काळवंडतो पण आकाश काही निळवंडत नाही, कोणी लिहिलंच तर आपण म्हणू कवी दिसतोय. तिथे नवशिक्यानेही असं लिहिलं तरी कोणी अडवत नाही, आणि मला वाटतं या भाषेची खरी ताकद इथे आहे, शब्दकोशात न सापडणारा शब्द तुम्ही बोलता बोलता बनवता आणि समोरच्याला तो पहिल्यांदा ऐकूनही कळतो.

शब्दांचा क्रमही मोकळा आहे, कारण कर्माच्या शेवटी 'न' हे अक्षर लागतं. 'ला हुंदो मोर्दास ला कातोन' म्हणा किंवा 'ला कातोन मोर्दास ला हुंदो' म्हणा, कुत्राच मांजराला चावतोय, फक्त भर कशावर द्यायचा ते तुम्ही ठरवता.

कवितेचं मात्र जरा अवघड होतं. उच्चारात जोर कायम शेवटून दुसऱ्या अक्षरावर, आणि नामं सगळी ओकारान्त, त्यामुळे ओळीमागून ओळ एकाच ठेक्यात संपायची भीती. म्हणून कवींना नामाचा शेवटचा ओ उडवायची मुभा आहे, आमिको (मित्र) चं आमिक, की ओळ थेट जोरावर संपते. याच भाषेत लिहून हंगेरीचा कालोचाई मोठा कवी झाला, तोही डॉक्टरच, काय योग आहे बघा. आणि स्कॉटलंडच्या विल्यम ऑल्डचं नाव १९९९ मध्ये साहित्याच्या नोबेलसाठी सुचवलं गेलं होतं. मिळालं नाही, ते सोडा.

प्रश्न : विनोद होतो का? आणि घरात कोणी बोलतं का ही भाषा, की नुसती परिषदांमध्ये?

उत्तर : होतो की. शब्द तुकडे जोडून बनतात, त्यामुळे तो चुकीच्या जागी तोडला की कोटी तयार. सेंतेमा म्हणजे हळवा, पण सेन-तेमा असं तोडलं की 'विषयच नसलेला'. कोलेगो म्हणजे सहकारी, आणि कोल-एगो म्हणजे भलीमोठी मान. फ्रान्सच्या रेमों श्वार्त्सने तर एस्पेरांतोतून कॅबरे (नाच नव्हे, गाणी-विनोदांचा कार्यक्रम) चालवला. शिवाय क्रोकोदिली, मगरीपासून केलेलं क्रियापद, म्हणजे एस्पेरांतोवाले जमलेले असताना आपल्या मातृभाषेत गप्पा छाटत बसणे. हे १६ नियमांत कुठे नव्हतं, बोलणाऱ्यांनीच काढलं.

घरात बोलणारे थोडे आहेत, पण आहेत. आई एका देशाची, बाप दुसऱ्या, ओळख एस्पेरांतोतून झाली, मग पोरं तीच ऐकत मोठी होतात.

प्रश्न : कौतुक पुरे. खोट काय ते सांगा.

उत्तर : पहिली खोट, बाप हे मूळ आणि आई त्याला प्रत्यय लावून, पात्रो आणि पात्रिनो. हे आज खटकतंच, खटकायलाच हवं. 'तो' आणि 'ती' दोन्ही टाळायचे असतील तर 'री' असं सर्वनाम आता बरेच जण, विशेषतः तरुण मंडळी, वापरतात.

दुसरी म्हणजे 'माल'. हा लावला की अर्थ उलटा. बोना चांगला, मालबोना वाईट. रापिदा वेगवान, मालरापिदा संथ. दवाखाना म्हणजे मालसानुलेयो, उलट-निरोगी-माणूस-जागा, अक्षरशः असंच. शिकायला फार सोपं, पण कवितेत संथ नदी म्हणायचं आणि तोंडात मालरापिदा येणार, लय गेली कामातून. म्हणून कवींनी बाहेरून छोटे शब्द आणले, संथला लान्ता, म्हाताऱ्याला ओल्दा. त्यावर दुसरी बाजू चिडली, की अशाने सोपेपणा जाईल, पाठांतर वाढेल. क्लोद पिरों या मानसशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये या आयात शब्दांविरुद्ध पुस्तकच लिहिलं. मी बोलताना पिरोंच्या बाजूने असते, मालरापिदाच म्हणते, पण कविता वाचताना लान्ता आला की बरं वाटतं आणि त्याबद्दल मला काही अपराधी वगैरे वाटत नाही.