कोणता देश सस्ता पडते?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार आहो. पाच एकर वावर, कपाशी अन् सोयाबीन. पोरानं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या कॉलेजातून बीएस्सी अ‍ॅग्री केली, आता त्याले बाहेर देशात एमएस्सी कराची आहे. एक एजंट म्हणते यूके चांगलं, एका वर्षात होते, सगळं मिळून २८ लाख लागतीन, दोन एकर इकलं तर जमते. भाऊ तुमी सांगा, कोणता देश सस्ता पडते? आमी कुणबी आहो, ओबीसीचं सर्टिफिकेट आहे.
— एक वडील, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पहिले वावराचा सौदा थांबवा. कोणाकडून इसार घेतला नसेल तर घेऊच नका. पोराचं शिक्षण व्हायलाच पाहिजे, चार वर्षं अ‍ॅग्री करून बाहेर शिकायची हिंमत करतो म्हणजे पोरगा चांगलाच आहे, पण दोन एकर विकायची वेळ शेवटी येते, सुरुवातीला नाही, आणि तुमच्या पत्रावरून दिसतं की सुरुवातच तिथून केली जात आहे.

एजंट यूकेच का सांगतो ते समजून घ्या. यूके, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इथली बरीच विद्यापीठं अ‍ॅडमिशनमागे एजंटला कमिशन देतात, जर्मनीतली सरकारी विद्यापीठं देत नाहीत, म्हणून ऑफिसात गेलं की जर्मनीचं नाव फारसं निघतच नाही, आणि निघालं तरी तिथल्या एखाद्या खाजगी विद्यापीठाचं निघतं जिथं वर्षाला दहा-पंधरा हजार युरो फी असते. यूकेचा कोर्स एका वर्षाचा आहे हे खरं, त्यानं एक वर्षाचं राहणं वाचतं, पण फी वीस-पंचवीस हजार पौंडांपर्यंत सहज जाते, वरून हेल्थ सरचार्ज म्हणून वर्षाला ७७६ पौंड व्हिसाच्या वेळीच भरावे लागतात. ऑस्ट्रेलियाची नुसती व्हिसा फी २००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली आहे आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही.

आता जर्मनी. तिथल्या सरकारी विद्यापीठात एमएस्सीला ट्युशन फी जवळपास नाही, सेमिस्टरला शे-दीडशे ते साडेतीनशे युरो वर्गणी असते. पण सगळीकडे असं नाही बरं का. बाडेन-वुर्टेमबर्ग नावाचं त्यांचं एक राज्य आहे, तिथं २०१७ पासून आपल्यासारख्या बाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि शेतीसाठी नावाजलेलं होहेनहाइम विद्यापीठ नेमकं त्याच राज्यात आहे. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनंही २०२४ पासून फी सुरू केली. त्याच्या उलट गॉटिंगन आणि कासल या दोन विद्यापीठांचा मिळून सस्टेनेबल इंटरनॅशनल अ‍ॅग्रिकल्चर म्हणून इंग्रजीतला एमएस्सी कोर्स आहे, तिथं अशी ट्युशन फी नाही. बॉनलाही शेतीची मोठी फॅकल्टी आहे. पोराला सांगा डाडच्या (DAAD, परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणारी जर्मन संस्था) साइटवर इंटरनॅशनल प्रोग्राम्सची यादी आहे, ती स्वतः बसून पाहा, त्यात प्रत्येक कोर्सपुढे फी आणि भाषा लिहिलेली असते, त्यासाठी एजंटला एक रुपया द्यायची गरज नाही.

फी नाही म्हणजे खर्च नाही असं मात्र समजू नका, आपल्याकडे गावोगावी हाच गैरसमज पसरला आहे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एका वर्षाचे ११,९०४ युरो भरून दाखवावे लागतात, युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाखाच्या जवळ. हे पैसे कोणाला द्यायचे नसतात, ते पोराचेच, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो त्याला मिळतात आणि त्यातच खोली, जेवण, इन्शुरन्स. दुसऱ्या वर्षी तिथं राहण्याचं परमिट वाढवताना पुन्हा पैसे दाखवावे लागतात. म्हणजे दोन वर्षांचा हिशोब चोवीस लाखांच्या घरात जातो, यूकेपेक्षा फार कमी नाही दिसत ना? फरक इथं आहे की फीचे पैसे एकदा गेले की गेले, राहण्याच्या पैशातला काही भाग पोरगा कमावू शकतो. वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायला कायद्यानं परवानगी आहे, आणि डिग्रीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पण पहिल्या सेमिस्टरला कमाई धरूच नका, भाषा नाही, गाव नवं, अभ्यास वेगळा, तेव्हा काम मिळेलच असं नाही. जर्मन भाषा आतापासून सुरू करा, कोर्स इंग्रजीत असला तरी हॉटेलातलं, दुकानातलं काम जर्मनशिवाय मिळायला जड जातं.

आणखी एक, एपीएस सर्टिफिकेट. भारतातून जर्मनीला शिकायला जायचं तर नोव्हेंबर २०२२ पासून हे लागतं, फी १८,००० रुपये, मार्कशिटा तपासून ते देतात. ते यायला वेळ लागतो, आणि ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या सेमिस्टरसाठी बऱ्याच ठिकाणी १५ जुलै शेवटची तारीख असली तरी परदेशी मुलांसाठी कितीतरी कोर्सचे अर्ज त्याच्या खूप आधी बंद होतात. म्हणून एपीएस सगळ्यात पहिले. अर्ज करायच्या आधी पासपोर्टवरचं नाव आणि मार्कशिटेवरचं नाव जुळवून पाहा, आपल्या बोर्डाच्या मार्कशिटेवर आडनाव पहिले असतं, कुठं बापाचं नाव असतं कुठं नसतं, पुढे त्याच्यावरून पत्रव्यवहार वाढतो.

इटलीचं नाव तुमच्या एजंटनं घेतलं नसेल पण पाच एकरवाल्या घरासाठी तो देश पाहण्यासारखा आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठात फी कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते, उत्पन्न कमी तर फी कमी किंवा माफ, आणि त्याच उत्पन्नावर प्रादेशिक स्कॉलरशिप मिळू शकते, त्यात रोख रक्कम, मेसचं जेवण, कधी होस्टेल. पादोवा, बोलोन्या इथं शेतीचे विभाग आहेत. कागदपत्रांची मेहनत मात्र आहे, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, घराचे-मालमत्तेचे कागद, मग त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरे असल्याचा सरकारी शिक्का, आणि इटालियनमध्ये भाषांतर, आणि स्कॉलरशिपचे पैसे हप्त्यानं येतात, तिथं गेल्यावर काही महिन्यांनी. तेवढ्या महिन्यांचा खर्च हातात पाहिजे.

आणि भाऊ, आता जे सांगतो त्याच्यासाठी तुमचं पत्र निवडलं. तुम्ही कुणबी-ओबीसी आहात, उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे असं धरतो, तर महाराष्ट्र सरकारच्या परदेशी शिष्यवृत्तीवर तुमच्या पोराचा हक्क आहे. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची योजना आहे, मराठा-कुणबींसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची आहे, एससीसाठी समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, आदिवासी विभागाचीही वेगळी आहे. यात फी, राहण्याचा भत्ता, विमानाचं तिकीट, इन्शुरन्स येतं. अट अशी की विद्यापीठ क्यूएस रँकिंगच्या, म्हणजे जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीच्या, पहिल्या दोनशेत पाहिजे. आता गंमत नाही, गंभीरपणे पाहा, बिनफीचं गॉटिंगन सध्या त्या दोनशेत बसत नाही, पण नेदरलँड्सचं वागेनिंगन, शेतीसाठी जगातल्या अगदी वरच्या विद्यापीठांत गणलं जाणारं, जिथं वर्षाला वीस हजार युरोच्या आसपास फी आहे आणि ज्याचं नाव ऐकून कास्तकाराचं घर हात टेकतं, ते बसतं. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली तर महाग वागेनिंगन तुमच्या घराला स्वस्त जर्मनीपेक्षा कितीतरी कमी पैशात पडेल. कोणता देश सस्ता हे त्या देशावर जेवढं आहे तेवढंच तुमच्या घरात कोणते कागद तयार आहेत त्याच्यावर आहे.

म्हणून जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअर या आठवड्यात काढायला टाका, वैधता नसेल तर त्यात महिने जातात आणि दरवर्षी चांगली पोरं इथंच अडकतात याचं फार वाईट वाटतं. विद्यापीठाचं ऑफर लेटर बिनशर्त असावं. रँकिंगची यादी त्या वर्षीची पाहा. जागा थोड्या असतात, म्हणून एक अर्ज शिष्यवृत्तीसाठी दोनशेतल्या विद्यापीठाचा आणि दुसरा जर्मनी-इटलीचा, दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा. शिष्यवृत्तीचे पैसे कधी उशिरा पोचतात तेही लक्षात असू द्या. पोरगा दोन वर्षं कुठं नोकरी करायला तयार असेल तर नंतर डाडच्या विकासविषयक कोर्सेसची स्कॉलरशिपही आहे, तिला दोन वर्षांचा अनुभव लागतो.

कर्जाचं थोडक्यात. वावर तारण ठेवून एज्युकेशन लोन काढू असं मनात असेल तर बँक सहसा नाहीच म्हणते, कारण २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, कर्ज थकलं तर त्या कायद्यानं बँकेला ती ताब्यात घेता येत नाही. हे कास्तकाराच्या भल्याचंच आहे, पण त्यामुळेच एजंट ‘विका’ म्हणतो. सरकारी बँकेत साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकतं, त्याच्या वर एनए प्लॉट किंवा पक्के कागद असलेलं घर मागतात, गावठाणातलं नुसत्या नमुना आठवरचं घर बऱ्याच शाखा घेत नाहीत. पीएम विद्यालक्ष्मीची जाहिरात दिसते ती देशातल्या संस्थांसाठी आहे. आणि सावकाराकडे या कामासाठी जाऊ नका, हात जोडून सांगतो.

प्रश्न : मुलीला नीटमध्ये कमी मार्क आहेत. किर्गिझस्तान किंवा जॉर्जियात एमबीबीएस स्वस्तात होतं असं ऐकलं, तिथलं एक कॉलेज ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ आहे म्हणतात. पाठवावं का?
— एक आई, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, जो ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ म्हणतो त्याच्यावर तिथंच शंका घ्या, कारण एनएमसी, म्हणजे आपला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, परदेशी कॉलेजांना अशी मान्यता देत नाही, फक्त नियम सांगते. २०२१ च्या नियमांप्रमाणे कोर्स कमीत कमी ५४ महिन्यांचा पाहिजे, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप पाहिजे, शिकवणं इंग्रजीत पाहिजे, आणि त्या डिग्रीवर त्या देशात डॉक्टरकी करायचं लायसन्स मिळालं पाहिजे. नीट पास असणं आवश्यकच. यातली एक गोष्ट जरी कमी पडली तर सहा वर्षांनी परत आलेल्या पोरीला इथं परीक्षेलाही बसता येणार नाही. आणि सगळं बरोबर असलं तरी परत आल्यावर एफएमजीई ही परदेशातून शिकून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा द्यावी लागते, त्यात बसणाऱ्यांपैकी बहुतेक जण नापास होतात, मग पुन्हा क्लास, पुन्हा खर्च, हे कोणी फीच्या कागदावर लिहून देत नाही. माझं मत विचारता म्हणून सांगतो, मुलगी मनानं पक्की असेल तर इथंच एक वर्ष थांबून नीट परत द्या, आणि बीएएमएस, नर्सिंग, फिजिओ यांच्याकडे कमी समजून पाहू नका. तरी पाठवायचंच ठरलं तर वरच्या चारही गोष्टी कॉलेजच्या लेटरहेडवर लेखी घ्या आणि तिथं आता शिकत असलेल्या आपल्या भागातल्या दोन-तीन पोरींशी, एजंट सोबत नसताना, फोनवर बोला.

प्रश्न : मी यावर्षी बारावी सायन्स झाली, ७४ टक्के. आर्वीजवळच्या गावात राहते, ओबीसी. जर्मनीत इंजिनीअरिंग फुकट आहे तर इथं कशाला करू? बाबा तयार आहेत.
— एक विद्यार्थिनी, जि. वर्धा

उत्तर : बेटा, नुसत्या बारावीवर जर्मनीत थेट अ‍ॅडमिशन सहसा मिळत नाही. एकतर स्टुडिएनकोलेग नावाचं तयारीचं वर्ष आणि त्याची परीक्षा, तिथं शिरायलाच जर्मन भाषा चांगली यावी लागते, किंवा इथल्या मान्य विद्यापीठात त्याच विषयाचं पहिलं वर्ष पास, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड. शिवाय पदवीचे बहुतेक कोर्स जर्मन भाषेतच आहेत, आणि ब्लॉक्ड अकाउंटचे ते बारा लाख दरवर्षी, तीन-चार वर्षं.

आता इथलं पाहा. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) व्यावसायिक कोर्सला अ‍ॅडमिशन घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलं की झालं. म्हणजे तुझ्यासाठी इंजिनीअरिंगच्या चार वर्षांचा सगळ्यात स्वस्त देश सध्या हाच आहे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर ही माफी नाही, हे बाबांना नक्की सांग, कारण कॉलेजवाले घरी येऊन सीट पक्की करून देतो म्हणतात. अमरावती, नागपूर, यवतमाळच्या सरकारी कॉलेजांचे पर्याय वर टाक, मग बाकीचे. सोबत जर्मन सुरू कर, चार वर्षांत बीवन (B1) या मधल्या पातळीपर्यंत आरामात पोचशील, आणि एमएस्सीला जाशील तेव्हा वरच्या पहिल्या उत्तरातलं सगळं, शिष्यवृत्तीसकट, तुलाही लागू आहे. कॅपचं रजिस्ट्रेशन सुरू असताना उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअर हातात नसले तर ओपनमध्ये टाकतात, म्हणून उद्याच आपले सरकार सेवा केंद्रात जा.