पागोळ्यांचे पाणी परसबागेला : आटपाडी आणि वाळवा तालुक्यांतून आलेल्या दोन प्रश्नांना उत्तर

प्रश्न पहिला, आटपाडी तालुक्यातून : घरावर 30 बाय 20 फुटांचा पत्रा आहे. त्यावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवले, तर अंगणातील शेवगा, लिंबू आणि भाजीचा वाफा उन्हाळाभर जगेल का? टाकी किती मोठी घ्यावी?

उत्तर : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. आपला पत्रा सुमारे 56 चौरस मीटर भरतो. उडून जाणारे, सांडणारे आणि पत्रा भिजण्यात जाणारे पाणी वजा केले, तरी 10 मिलिमीटरच्या पावसात साधारण 450 लिटर पाणी पन्हळीतून हाती यावे. आपल्या भागाचे पर्जन्यमान 500 मिलिमीटरच्या आसपास धरले, तर वर्षाचे पाणी 22,000 लिटरच्या घरात जाते. हा आकडा पाहून पुष्कळ जण मोठ्या टाकीचा विचार करतात. परंतु हे सगळे पाणी एकदम साठवायचे म्हटल्यास 2,000 लिटरच्या 11 टाक्या लागतील आणि त्या खर्चात परसबागेचा हिशेब कधीच बसणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की टाकी एकच 2,000 लिटरची घ्यावी आणि ती पावसाळ्यात जितक्या वेळा भरेल व रिकामी होईल तितके चांगले. जूनमध्ये भरलेली टाकी उन्हाळ्यासाठी म्हणून तशीच राखून ठेवल्यास पुढचा प्रत्येक पाऊस टाकीवरून वाहून जातो. आपल्या माणदेशात जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड हमखास पडतो. त्या खंडात हे पाणी वाफ्याला बिनधास्त वापरावे. उत्तरा आणि हस्ताच्या पावसात टाकी शेवटची भरून घ्यावी. 10 बाय 10 फुटांच्या वाफ्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोज 30 ते 35 लिटर पाणी पुरते, म्हणजे एका भरलेल्या टाकीवर मेथी, पालक, कोथिंबीर सुमारे दोन महिने निघते. एप्रिलमध्ये त्याच वाफ्याला रोज 50 ते 60 लिटर लागतात, तेव्हा उन्हाळी भाजी या टाकीच्या भरवशावर लावू नये. टेंभू उपसा सिंचन योजनेचे आवर्तन शेताला आले, तरी ते अंगणातल्या वाफ्यापर्यंत पोहोचतेच असे नाही, हे आपण जाणताच.

शेवगा आणि लिंबू यांच्यासाठी मात्र टाकीपेक्षा जमीन हीच मोठी साठवण आहे. टाकी भरून वाहू लागल्यावर जाणारे पाणी नळीने थेट झाडांच्या आळ्यांत सोडावे. आळे खोडाला लागून न करता फांद्यांच्या घेराखाली करावे, कारण पाणी घेणारी मुळे तिकडे असतात. मुरमाड जमिनीत पाणी टिकत नाही, म्हणून आळ्यात कुजलेले शेणखत मिसळून वर तीन-चार इंच उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला पसरावा. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि वाळवीवर लक्ष असू द्यावे. लहान रोपाशेजारी नीट भाजलेले परंतु झिरपणारे साधे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरून ठेवल्यास उन्हाळ्यात थोडक्या पाण्यात रोप तगते.

जोडणीविषयी थोडे. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, तेव्हा टाकीचे तोंड पन्हळीच्या खालीच आले पाहिजे. पन्हळीला दर दहा फुटांना सुमारे एक इंच उतार द्यावा. पहिल्या पावसात पत्र्यावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा येते, म्हणून ते पाणी टाकीत न घेता बाहेर काढावे. भरलेल्या टाकीचे वजन दोन टन होते. नुसत्या रचलेल्या दगडांवर ती ठेवू नये, पक्का ओटा बांधावा. ओटा दोन-तीन फूट उंच केला, तरी त्या दाबावर नेहमीचे ठिबक नीट चालत नाही, कारण त्याच्या ड्रिपरला साधारण 10 मीटर उंचीच्या पाण्याइतका दाब लागतो. येथे साधी नळी किंवा झारीच बरी. डेंगीचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो, त्यामुळे झाकण घट्ट हवे आणि भरून वाहणाऱ्या नळीच्या तोंडालाही बारीक जाळी हवी. पारदर्शक टाकीत शेवाळ धरते, ती घेऊ नये.

प्रश्न दुसरा, वाळवा तालुक्यातून : विहिरीचे पाणी मचूळ आहे, कुंड्यांतल्या झाडांच्या पानांची टोके करपतात. पावसाचे पाणी दिल्याने फरक पडेल का?

उत्तर : पानांची टोके करपण्याचे कारण क्षार असेल, तर कुंड्यांत फरक पडेल. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. मात्र क्षार पाण्याबरोबर खाली निघून गेले तरच कुंडीतून जातात. म्हणून कुंडीच्या तळाचे भोक मोकळे आहे ना ते पाहून, तळातून पाणी बाहेर येईपर्यंत पावसाचे पाणी दोन-तीन वेळा द्यावे आणि ते पाणी ताटलीत साचू देऊ नये. पाणी थोडेच असेल, तर ते आधी रोपवाटिकेला आणि बी उगवण्याच्या काळात वापरावे, कारण क्षारांचा त्रास कोवळ्या रोपांना अधिक होतो.

आटपाडीकरांना दिलेला आळ्यांचा सल्ला आपण जसाच्या तसा घेऊ नये. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत, जेथे पाण्याची पातळी आधीच वर आली आहे, तेथे टाकीचे जादा पाणी मुळांशी मुरवल्यास क्षार वर येण्यास मदतच होते. आपल्याकडे हे जादा पाणी निचऱ्याच्या चरीत सोडावे आणि परसबागेचे वाफे जमिनीपासून अर्धा फूट उंच करावेत. पाने करपणे तरीही थांबले नाही, तर विहिरीचे पाणी व कुंडीतील माती माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेकडे तपासून घ्यावी आणि अहवाल घेऊन आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) भेटावे.