चुंबक बदलू नका, आधी ढील बघा

तुमच्या मॉडेल रेल्वेत डबे सोडवायला रुळांमध्ये बसवतात ते चुंबक आणखी ताकदीचं मागवू नका, एवढं आधी सांगतो. लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, इंजिन बरोबर चुंबकावर आणूनही रेकपासून (डब्यांच्या रांगेपासून) सुटत नाही, आणि मेन लाइनवरच्या चुंबकावर चालत्या गाडीचे डबे मात्र सुटतात, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं मूळ जोडातल्या ढिलात आहे.

केडी कंपनीच्या कपलरखाली, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्याखाली, लोंबणाऱ्या पोलादी पिना चुंबक दोन्ही बाजूंच्या रुळांकडे ओढतं. पण जोड ताणात असेल तर कपलर एकमेकांत घट्ट अडकलेले राहतात, मग चुंबक कितीही जबर असो. जोड चुंबकावर आला की थांबा, इंजिन केसभर डब्याकडे सरकवा. पिना फाकलेल्या दिसल्या की इंजिन जरासं सोडवून घ्या आणि तिथेच पुन्हा हळू ढकला. आता कपलर अडकत नाहीत, नुसते टेकतात. डबा सायडिंगच्या टोकापर्यंत ढकलत न्या आणि तिथे ठेवून परत या. हात न लावता हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मी तीन तास तेवढंच करत बसलो होतो.

मेन लाइनवर उलटं होतं. उतारावर किंवा वेग कमी करताना मागचे डबे पुढच्यांवर येतात, ढील पडते, आणि खाली चुंबक असलं की जोड सुटतो. तिथे कायमचं चुंबक नकोच. बटण दाबल्यावरच चालणारं विद्युतचुंबक बसवा, नाहीतर माझ्यासारखं फळीखाली बिजागरीवर लावा. नको तेव्हा खाली सोडायचं. जागा मात्र सरळ रुळावरची हवी. वळणावर कपलर आधीच तिरके झालेले असतात.

एचओ या मॉडेलच्या मापात पिनचं टोक रुळाच्या माथ्यापासून साधारण ०.८ मिमी वर हवं. जास्त वर असेल तर ओढ कमी पडते, खाली असेल तर पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, पिन अडकते. आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात प्लायवूड फुगतं आणि खाऱ्या हवेने पिना गंजतात, म्हणून गणपतीच्या सुट्टीत मी प्रत्येक डबा उंची मोजायच्या गेजवर तपासतो. कपलर जड झाला तर ग्राफाइटची पूड लावा. तेल नको, धूळ धरतं. चुंबकाजवळ उभा केलेला डबा आपोआप सरकत असेल तर त्याचे आस पोलादी आहेत, ते बदला.

आता तुमच्या बॅलास्टबद्दल, म्हणजे रुळांमध्ये खडी म्हणून पसरलेल्या वाळूबद्दल, कारण फोटो बघून मला खरी काळजी त्याचीच वाटली. मांडवीची काळी वाळू दिसायला सुरेख आहे, पण आपल्या किनाऱ्याच्या या वाळूत इल्मेनाइटबरोबर मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या खनिजाचेही कण असतात. मीही तीच वापरली होती. सुटे कण चुंबकावर दाढीसारखे उभे राहिले, तिथून इंजिनच्या गिअरमध्ये गेले आणि शेवटी मोटरला चिकटले. ती मोटर वाचली नाही. कागदात गुंडाळलेलं चुंबक बॅलास्टवरून फिरवून बघा. कण उड्या मारून चिकटले, तर चुंबकाच्या दोन्ही बाजूंची वीतभर वाळू आजच खरवडून काढा, आणि तोवर इंजिन त्यावरून नेऊ नका.