वाचक विचारतात : घरच्या घरी कॅटामरान

प्रश्न : मला सुतारकामाची हौस आहे आणि वल्ह्यांची एक लहान होडी मी यापूर्वी बांधली आहे. आता 7 मीटर लांबीची, दोन हलची (पाण्यावर तरंगणाऱ्या दोन अरुंद सांगाड्यांची) शिडाची होडी, म्हणजे कॅटामरान, बांधावी असा विचार आहे. विकत घेतलेल्या आराखड्यात 6 मिलिमीटर जाडीचे मरीन प्लाय सांगितले आहे. मजबुतीसाठी 9 मिलिमीटरचे वापरले तर चालेल काय? तक्ते जोडण्याचे चिकट रेझिन, म्हणजे इपॉक्सी, महाग पडते, तिच्याऐवजी पॉलिएस्टर रेझिन घेता येईल काय? माझी शेड 8 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद आहे. तेवढ्या जागेत काम होईल काय?

उत्तर : जागा पुरेल. दोन्ही हल अरुंद असल्यामुळे ते एकामागून एक शेडमध्ये बांधता येतात आणि आडव्या तुळयांनी पाण्याजवळच्या मोकळ्या जागेत जोडता येतात. होडीच्या तळाशी लागणारी शिशाची जड कील ओतण्याचे कामही यात नसते. इंग्लंडचे होडी-आराखडाकार जेम्स व्हॅरम यांनी 1954 मध्ये जवळपास याच लांबीची ‘टांगारोआ’ स्वतः बांधली, तिच्यातून अटलांटिक ओलांडला आणि पुढे हौशी बांधणाऱ्यांसाठी अनेक आराखडे काढले. त्यांपैकी बऱ्याच आराखड्यांत तुळया हलला बोल्टने न आवळता दोरांनी बांधलेल्या असतात, त्यामुळे सांध्यांना थोडी लवचिकता राहते.

जाड प्लाय मात्र घेऊ नये. 2.4 मीटर गुणिले 1.2 मीटरच्या एका तक्त्यामागे 3 मिलिमीटर वाढीव जाडीने साडेचार-पाच किलो वजन वाढते, म्हणजे वीस तक्त्यांना शंभर किलोच्या आसपास. पाण्याच्या रेषेवर प्रत्येकी अर्धा मीटर रुंद असलेले असे दोन हल साधारण 50 किलोला 1 सेंटिमीटर खाली बसतात, म्हणून माणसे आणि सामान चढण्याआधीच होडी 2 सेंटिमीटर खोल गेलेली असेल. एवढ्यावर भागत नाही. वाऱ्याच्या दाबाला कॅटामरान जो प्रतिकार करते तो तिच्या वजनातून आणि दोन हलमधल्या अंतरातून येतो. वजन वाढले की डोलकाठी, तिचे ताणदोर आणि तुळया यांच्यावरचा कमाल भारही वाढतो, आणि आराखडाकाराने ते सर्व भाग हलक्या होडीसाठी मोजलेले असतात. जाड प्लाय वापरून आपण हल मजबूत कराल आणि तुळया तुलनेने कमकुवत करून ठेवाल. त्यापेक्षा सांगितलेल्याच जाडीचे, पण उत्तम प्रतीचे प्लाय घ्यावे. कापलेल्या कडेत आतल्या थरांच्या पोकळ्या दिसल्या तर तो तक्ता परत करावा.

इपॉक्सीच्या बाबतीत काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉलिएस्टर लाकडाला तितकेसे घट्ट धरत नाही आणि ओल शिरली की कालांतराने फायबरग्लासचा थर सुटू लागतो. तक्ते तांब्याच्या तारेने टाके घालून जोडल्यावर आतल्या कोपऱ्यात इपॉक्सी आणि भुकटीचा घट्ट लगदा भरून तो गोलसर ओढतात आणि त्यावर फायबरग्लासची पट्टी बसवतात. सांध्याचे बळ या भरावात आणि पट्टीत असते. मिश्रण लवकर घट्ट व्हावे म्हणून हार्डनर, म्हणजे इपॉक्सी घट्ट करणारा दुसरा घटक, जास्त घालण्याचा मोह होतो, पण प्रमाण चुकल्यास इपॉक्सी कायमची मऊ राहते. भांड्यात साठवून ठेवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने धुरकटू लागते, म्हणून ते पसरट थाळ्यात ओतावे. दमट हवेत वाळलेल्या थरावर मेणचट साय येऊ शकते. घासण्याआधी ती साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन काढावी, नाहीतर सँडपेपरने ती पृष्ठभागात मुरते आणि पुढचा थर धरत नाही. हातमोजे पहिल्या दिवसापासून वापरावेत. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही आणि काम अर्ध्यावर सोडावे लागते.

आपण न विचारलेली एक गोष्टही सांगतो. तुळयांच्या बैठका कायम चिकटवण्यापूर्वी दोन्ही हल मोकळ्या जागेत शेजारी ठेवावेत, पाण्याच्या नळीने पातळी जुळवावी आणि एका हलच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) दुसऱ्याच्या मागच्या टोकापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे येईपर्यंत बैठकांना इपॉक्सी लावू नये.